अंगात आलेलं यंत्र

रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवारी दुपारी माझ्या अंगात यंत्र आलं.
डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर देणारं यंत्र,
अजून कुठेच नसलेलं.
बुटांच्या खोक्याचं झाकण कापून केलेली चौकट,
आत सरकवायच्या एकोणीस चिठ्ठ्या,
रेघा वाकड्या, बटणं स्केचपेनची.
एका पडद्यावर पोह्यांवरच्या जिरावणाचा डाग,
'पुढे'च्या इतका जवळ
की सकाळपासून दोघांनी त्यालाच बोट लावलेलं.

निमिष म्हणाला होता, थेट काचेवरच करू की,
दोन दिवसांत होईल, दिसेलही छान.
छानच तर नको होतं.
छान गोष्टीपुढे माणसं ओशाळतात,
"छान आहे हो" म्हणतात, चूक स्वतःच्या पदरात घेतात
आणि चष्मा पुसत निघून जातात.
कागदाला कोणी भीत नाही.

तिसऱ्या आल्या कुमुदिनी हिर्लेकर.
वय एकाहत्तर. डावा डोळा झालेला, उजवा व्हायचा.
मी नियम सांगितला: यंत्र बोलत नसतं,
तुम्ही बोट लावा, मी पान बदलेन.
त्यांनी 'जुना पेशंट'ला बोट लावलं.
मी चिठ्ठ्या चाळू लागले.
सात नंबरची सापडेना,
पंख्याने ती टेबलाखाली नेली होती.
त्यांनी पुन्हा बोट लावलं. मग जोरात.
मग भलत्याच बटणावर.
मग हात मांडीवर घेतला.
"माझंच काहीतरी चुकलं वाटतं."

मी गप्प. नियम माझाच.

"अगं," त्या म्हणाल्या,
"एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी,
त्यातली बारा ट्रंक बोर्डावर.
उज्जैन, खंडवा, भुसावळ. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
लोक समजायचे, आवाज तारेतून आपोआप जातो.
मध्ये आम्ही होतो. तू आहेस ना आत्ता, तशा.
पण लाइन मिळेपर्यंत मुकं राहायचं नाही.
माणूस रिसीव्हर धरून उभा असतो,
त्याच्या घरात काय झालंय आपल्याला ठाऊक नसतं.
म्हणायचं, होल्ड कीजिए, लाइन जोड रही हूँ.
जोडत नसलीस तरी म्हणायचं."

मग माझ्या हातातलं स्केचपेन घेऊन
एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं,
ओळ चढत चढत पार कोपऱ्यात गेली:
थांबा, जोडतेय.

विसावी चिठ्ठी.
त्यानंतरच्या चार जणांत
कोणीच दोनदा बोट लावलं नाही.
एक गृहस्थ तर खुर्चीला टेकून बसले,
म्हणाले, चालू दे तुझं, सावकाश.

दिवाळीनंतर खरं यंत्र आलं. काच, निळा उजेड.
त्याला चिठ्ठी शोधायला पाऊण सेकंदही लागत नाही.
कुमुदिनीबाईंचं वाक्य त्यात आहे, भांडून ठेवलंय मी,
पण डोळ्यांचा पेशंट वाचायला घेतो
तोवर ते गेलेलं असतं.
निमिष हसतो. मीही हसते, काय करू.
एकोणीस चिठ्ठ्या रद्दीत गेल्या.
एक खणात आहे.

फक्त परवा दवाखान्यातलं नेट गेलं.
रांग पार जिन्यापर्यंत.
काचेवर ते वाक्य आलं
आणि तिथेच राहिलं.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा
दुसऱ्या डोळ्याने, वाकून, अक्षर अक्षर लावत बसला.
लागलं तेव्हा म्हणाला, "हाँ बेटा,"
आणि काठी भिंतीला टेकवून
उभा राहिला.